निळ्या यंत्राची बटणं

मामींनी हेडफोन कानाला लावला, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "येते की टाळ." तो गुरुवार होता. दुकान अकोल्यातलं होतं. मामा माझ्याकडे पाहत होते. मी काउंटरवरच्या खोक्यांकडे पाहत होते.

त्याआधीची चार वर्षं मामा गाणी ऐकायचं एक लहानसं यंत्र निवडत होते, आणि प्रत्येक यंत्र ऐकून झालं की मी त्यांना सांगत होते, टाळ येत नाही. टाळ येत होता. पहिल्या यंत्रापासून येत होता.

आम्ही त्यांना नांदगावचे मामा म्हणायचो. ते माझ्या आईचे धाकटे भाऊ, मूळचे हिवरखेडचे. आधी एका जुन्या गिरणीत आणि मग नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात, मिळून तीसेक वर्षं त्यांनी लूम चालवले. बोलताना ते समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहत नसत, ओठांकडे पाहत. नवीन माणसाला ते विचित्र वाटे. मामी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना वाटलं होतं, आपल्या ओठाला काही लागलंय. त्या पहिले आठ दिवस पदराने तोंड पुसत होत्या. नंतर कळलं की लूमच्या खात्यात सगळेच असे बोलतात. तिथे शेजारच्याने कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. मामांची ती सवय घरीही सुटली नाही. आज मला वाटतं, त्या सवयीनेच त्यांना बरीच वर्षं फसवलं. कान किती गेले हे त्यांना कळलं नाही, कारण बोललेलं सगळं त्यांना दिसत होतं.

कारखान्यात कानात घालायला बोळे मिळत. मामा ते दोरीने गळ्यात अडकवत आणि तिथेच ठेवत. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "लूम आजारी पडलं तं आवाजानं समजते बाई. कानात बोळे घालून डॉक्टर छाती तपासते का?"

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. बाहेरच्यांना ते उलटं वाटतं, आम्हाला नाही. मी शाळेत होते तेव्हापासून मामा घरी आले की आधी वाकत आणि मग पाणी पीत. निघतानाही तसंच. मी मोठी झाले, अकोल्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागले, माझे केस पिकायला लागले, तरी त्यात फरक पडला नाही. "भाचीचं बोलणं म्हंजे कौल," असं ते म्हणत. घर बांधताना दरवाजा कुठे ठेवायचा, म्हैस घ्यायची की नाही, हेही त्यांनी मला विचारलं होतं. म्हशीतलं मला काही कळत नव्हतं. मी घ्या म्हटलं, त्यांनी घेतली, ती चांगली निघाली. माझी किंमत आणखी वाढली.

यंत्राचा विचार त्यांच्या मनात फोनमुळे आला. पुण्याला कामाला असलेल्या मुलाने त्यांना मोठ्या पडद्याचा फोन पाठवला होता. त्यात गाणी वाजत, पण अभंगाच्या मधेच कोणत्यातरी कंपनीची बाई बोलायला लागे. मामांनी तिला दोनदा शांतपणे सांगितलं की, "बाई, भजन चालू हाय." तिसऱ्यांदा त्यांनी तो फोन मामींना देऊन टाकला. "फोन म्हंजे चावडी हाय," ते मला म्हणाले. "तथी कोनी बी येऊन बसते. मले भजनाले येगळी खोली पाह्यजे. जे फक्त वाजन अन् दुसरं काही करनार नाई, असं मशीन पाह्य."

आता अशी यंत्रं फारशी कोणी घेत नाही. दुकानदार आधी फोन दाखवतात, मग ब्लूटूथचे डबे, आणि फार मागे लागलं तर खालच्या कप्प्यातून धूळ पुसून एखादा प्लेअर काढतात. मामांना त्याची घाई नव्हती. त्यांची निवडण्याची एक रीत होती. यंत्र हातात आलं की ते आधी सदऱ्याच्या खिशात टाकत आणि खिसा किती ओघळतो ते पाहत. मग खिशात हात घालून, न बघता, अंगठ्याने बटण शोधत. "अंगठ्याले डोळे नसते," ते म्हणत, "म्हून बटन असं पाह्यजे का अंगठ्याले दिसलं पाह्यजे." पडद्याला बोट लावून चालणारी यंत्रं इथेच बाद होत. या परीक्षेतून जे उरे, त्याची शेवटची परीक्षा टाळाची.

त्यासाठी ते खिशातून चुन्याची रिकामी डबी काढत. तिच्यात कापसावर एक मेमरी कार्ड ठेवलेलं असे. कार्डात एकच भजन होतं, अकरा मिनिटांचं. मामा बाविशीत असताना हिवरखेडच्या मंदिरात ते भजन झालं होतं आणि गावातल्या एका मास्तरांनी टेपरेकॉर्डर मधे ठेवून ते कॅसेटवर घेतलं होतं. पुढे ती कॅसेट मीच अकोल्याच्या एका दुकानात देऊन तिचं कार्ड करून आणलं. आवाज खरखरीत आहे. मधे कुणीतरी खोकतं, एकदा भांडं पडतं. पण चौथ्या मिनिटाला मृदंगाच्या मागून एक टाळ येतो आणि शेवटपर्यंत थांबत नाही. तो मामांचा हात. गाणारे बुवा गेले, मृदंगवालेही गेले. मामांना त्या यंत्रात हजार गाणी नको होती. हा टाळ हवा होता.

पहिलं यंत्र आम्ही अमरावतीला पाहिलं. ते निळं होतं, काड्यापेटीहून थोडं मोठं. खिसा ओघळला नाही. बटणं उंच होती, प्रत्येकाचा आकार वेगळा होता. मामा खुश झाले. कार्ड घातलं, हेडफोनची एक बाजू स्वतःच्या कानाला लावली, एक मला दिली. तीन मिनिटं मान हलवत होते. चौथ्या मिनिटाला मान थांबली. पुढे थोडा वेळ ऐकून त्यांनी हेडफोन काढला.

"टाळ खाते हे मशीन," ते दुकानदाराला म्हणाले.

दुकानदाराने स्वतः ऐकलं आणि म्हणाला, "काकाजी, मशीन एकदम ओके हाय. एक बार आपले कान चेक करून घ्या." दुकानात उभे असलेले दोघं-तिघं हसले.

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे हात केला. "ही माही भाची. पुस्तकाच्या खात्यात हाय. तिले विचारा. भाची खोटं बोलत नाई." मग मला, "सांग बाई. आला का टाळ?"

माझ्या कानात तो वाजत होता. "नाही आला," मी म्हटलं.

तेव्हा मला वाटलं, बाहेर गेलं की सांगू. माणसांसमोर नको. बाहेर आल्यावर मामांनी रसवंतीवर दोन ग्लास सांगितले आणि म्हणाले, "तू होती म्हून वाचलो. नाईतर त्यानं मले बहिराच ठरवलं असतं." रस पिऊन झाला. मी सांगितलं नाही.

त्यानंतर सांगणं दर वेळी कठीण होत गेलं. आता फक्त कानाचं सांगायचं नव्हतं, भाची खोटं बोलली हेही सांगावं लागणार होतं. दुसरं यंत्र मीच घरबसल्या मागवलं. चार लोकांची मतं वाचून, वहीत टिपणं काढून. ते मामांनी ऐकलं आणि म्हणाले, "ह्यात बी नाई." मी होकार दिला आणि ते परत पाठवलं. एक त्यांनी अंजनगाव सुर्जीच्या बाजारातून आणून पाहिलं. देवळाच्या आकाराचं, कळसाला दिवा लागणारं, आत पाचशे भजनं भरलेली. "पाचशे भजनं हाय अन् एक बी माणूस नाई," म्हणून त्यांनी ते परत केलं. एक इतकं लहान होतं की ते म्हणाले, "हे तं तुही मामी सदऱ्यासंगं धुऊन टाकीन." पण त्यातही त्यांनी कार्ड घालून पाहिलंच. टाळ त्यांना आला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली.

याच काळात मामांनी हातातले टाळही तीनदा बदलले. नांदगाव पेठच्या भजनी मंडळात ते पुढच्या ओळीत बसत. "आजकालचं टाळाचं कासं मुकं हाय," असं त्यांचं म्हणणं. ते जास्त जोराने वाजवू लागले होते. शेजारचे लोक थोडे सरकून बसू लागले. मंडळात कुणीतरी मामींना म्हणालं, "भाऊंले सांगा, गाणाऱ्याचा आवाज दबून राहिला." मामींनी ते मामांना सांगितलं नाही, मला सांगितलं. मामांना मागच्या ओळीत बसवायचं चाललं होतं. मला तेव्हा सगळं कळत होतं. मी एवढंच केलं की ग्रंथालयात आलेली कानांच्या काळजीबद्दलची एक पुस्तिका दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात घालून त्यांच्याकडे पाठवली. पुढच्या वेळी गेले तेव्हा तिची पानं मामींच्या मेथीच्या टोपलीत खाली अंथरलेली होती. मामी घरामागे भाजी लावत आणि बाजारात विकत. मेथीने कागद ओला झाला होता. मी ती पानं पाहिली आणि मेथीची जुडी उचलून परत ठेवली.

त्या गुरुवारी दोघं अकोल्याला एका बारशाला आले होते. बारसं आटोपल्यावर मामा म्हणाले, "बस दोन घंट्यानं हाय. एक दुकान पाहून घेऊ." मामी कधी दुकानात येत नसत. त्या दिवशी त्यांचे गुडघे दुखत होते आणि दुकानात स्टूल दिसलं, म्हणून आत येऊन बसल्या. यंत्र काळं होतं. खिशाची परीक्षा झाली, अंगठ्याची झाली. हेडफोनची एक बाजू मामांनी कानाला लावली, दुसरी मला दिली. मी ऐकलं आणि नेहमीचं उत्तर दिलं.

"आना इकडे," मामी म्हणाल्या. "चार वर्षं झाले घरात दुसरी गोष्ट नाई. पाहू तं द्या."

"तुले काय समजते त्यातलं?"

"नाई समजत तं नाई समजत. कान तं हाय ना मले."

त्यांनी हेडफोन लावला. वरच्या पंख्याकडे पाहत ऐकत राहिल्या. मग त्या म्हणाल्या ते मी सुरुवातीला लिहिलं आहे. आणि पुढे म्हणाल्या, "चांगला खणखण येते. तुमचाच हात हाय. तो मधात एक ठोका जास्तीचा मारता ना तुमी, तो बी येते."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मामींनीच विचारलं, "मंग भाचीले काहून नाई आला?"

दुकानदार ऐकत होता. मामांनी यंत्र मामींच्या हातून घेतलं, हेडफोनची वायर गुंडाळली. "तिच्याकडची बाजू खराब असन," ते म्हणाले. आणि दुकानदाराला म्हणाले, "बांधा हे."

बसस्टँडवर मामी आत जाऊन जागेवर बसल्या. मामा खाली माझ्याजवळ उभे राहिले. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं.

"पह्यल्यांदा कवा आयकू आलता तुले?"

"पहिल्याच वेळी."

"अमरावतीले? निळ्या मशीनमंधी?"

"हो."

"म्हंजे ते चांगलं होतं."

"हो."

"बटनं मस्त होते त्याचे," मामा म्हणाले.

मग ते वाकले. मी पाय मागे घेतले. "पाय कायले मांगं घेऊन राहिली?" ते म्हणाले. "रिवाज थोडाच बदलला." पाया पडून ते बसमध्ये चढले.

महिन्याभराने ते एकटेच अकोल्याला आले आणि मला म्हणाले, "चाल, कानाच्या डॉक्टरकडं." डॉक्टरांनी तपासणीचा आलेख दाखवला. रेषा थोडं अंतर सरळ जात होती आणि मग विहिरीत उतरावी तशी खाली जात होती. बारीक, उंच आवाज सगळे त्या विहिरीत होते. मृदंग वर होता, माणसांचं बोलणं बरंचसं वर होतं, टाळ खाली होता. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून जाणवतंय? मामा म्हणाले, "चार वर्षं झाले. पन मी मशीनचा दोष समजत होतो." डॉक्टर म्हणाले, तेव्हाच कान झाकून काम केलं असतं तर आणखी थोडं राहिलं असतं. गेलेलं परत येत नाही. घरात कोणाच्या लक्षात आलं नाही का, असंही त्यांनी विचारलं.

"सांगनारं कोनी नव्हतं," मामा म्हणाले. मी शेजारच्या खुर्चीवर होते.

त्या दिवसापासून बोळे गळ्यातून कानात गेले. कारखान्यात मामांनी स्वतः सांगून कापड तपासायच्या खात्यात बदली मागितली. मंडळातही पुढच्या भजनाला टाळ हातात घेण्याआधी सगळ्यांना म्हणाले, "मले बारीक आवाज येत नाई. मी जोरानं मारून राहिलो तं मले समजत नाई. समोरच्यानं हात खाली करा, मी कमी करीन." एवढंच. तेव्हापासून पेटीवाले समोर बसून अधूनमधून तळहात खाली करत, आणि मामा पुढच्या ओळीतच राहिले. चार वर्षं मी ज्या गोष्टीपासून त्यांना वाचवत होते, ती त्यांनी तीन-चार वाक्यांत सांगून टाकली.

काळं यंत्र त्यांनी रोज वापरलं. सकाळी चहा झाला की ते सदऱ्याच्या खिशात टाकत, हेडफोन लावत, मांडी घालत आणि त्या भजनाबरोबर टाळ वाजवत. मी एकदा विचारलं, त्यातला टाळ तर तुम्हाला येत नाही. "जुना मी आयकू येत नाई," ते म्हणाले. "पन मृदंग सांगते ना, मी कुठी असन." मामी भाजी निवडताना ओरडून सांगत, "मांगं पडले तुमी." मामांना ते ओठांवरून कळे आणि ते पुढे जात.

माझ्या खोट्याबद्दल ते मला कधी बोलले नाहीत. फक्त एक नवीन सवय लागली. मी वरण चांगलं झालं म्हटलं, की विचारत, "खरं सांगून राहिली का मामाले बरं वाटावं म्हून?" मामी हसत. मीही हसत असे. मग मी वरणात मीठ कमी असेल तर कमी आहे म्हणू लागले. म्हशीबद्दलही विचारलं, तेव्हा मला म्हशीतलं कळत नाही असं सांगून टाकलं. "हे आधी सांगतलं असतं तं," मामा म्हणाले, "मी दुसऱ्या कोनाले विचारलं असतं."

गेल्या वर्षी ते आजारी पडले. अमरावतीच्या दवाखान्यात होते. तिथले डॉक्टर तोंडाला मास्क लावून बोलत, त्यामुळे मामांना काही कळत नव्हतं. ते डॉक्टरांच्या मास्ककडे पाहत आणि मग आमच्याकडे. तिसऱ्या दिवशी डॉक्टर बोलून गेल्यावर त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"काय म्हनते तो?"

मुलगा पुण्याहून निघाला होता, पोचायचा होता. मामी बाहेर बाकावर होत्या. मी दाराकडे पाहिलं.

"तू सांग," मामा म्हणाले. "भाची खोटं बोलत नाई."

मी त्यांच्या समोर, उजेडाकडे तोंड करून बसले. "आता बरं होणं कठीण आहे म्हणतात," मी म्हटलं. "हृदय थकलंय. एक-दोन दिवस म्हणतात."

ते माझ्या ओठांकडे पाहत राहिले. पुन्हा सांगायला लावलं नाही. "बरं," म्हणाले. "तुह्या मामीले आत पाठव. अन् पोट्ट्याले म्हना, गाडी जोरानं आनू नको."

मामी आत गेल्या. दोघं तासभर बोलत होते. काय ते मला माहीत नाही. मुलगा संध्याकाळी पोचला. मामांनी त्याला ओळखलं, त्याच्याशी बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

टाळ मंडळाला दिले. म्हैस विकली. तेराव्यानंतर मी निघाले तेव्हा मामींनी मला काळं यंत्र आणि चुन्याची डबी दिली. मला वाकून नमस्कार करायला आता त्या घरात कोणी नव्हतं. मी मामींच्या पाया पडले आणि बसने अकोल्याला आले.

यंत्र माझ्या टेबलाच्या खणात आहे. बटणं निळ्या यंत्राइतकी उंच नाहीत, मला न बघता सापडत नाहीत. आत एकच भजन आहे, अकरा मिनिटांचं. चौथ्या मिनिटाला टाळ सुरू होतो. मला तो ऐकू येतो.